निखाऱ्यांवर चाललेला पाय

“कापू देऊ का नको, तेवढं सांगा, आक्का.”

विचारणं नावाला. आक्कांनी नको म्हणावं, एवढ्यासाठीच दौलतबुवा आपल्या या गुरूंच्या मठाच्या ओट्यावर पाय पसरून बसला होता.

साखरेचं दुखणं जुनं. त्यात यात्रेला निखाऱ्यांवरून चालला. तळव्याला जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. आता दोन बोटं काळी पडली होती, अंगात ताप होता. जवळ बसायचं तर नाकाला पदर लावावा लागे.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मेलेलं मांस आणि सडलेलं हाड आजच काढते, ताजं रक्त दिसेपर्यंत. उद्यावर टाकलंत तर गुडघ्याखाली पाय राहणार नाही.

बाहेर रिक्षा चालूच ठेवलेली. बायको कौसल्या खाली उतरायला तयार नव्हती. मी उतरले की हा इथंच ठाण मांडेल, म्हणत होती.

“दुखतंय?” आक्कांनी विचारलं.

“नाही.” बुवाची मान ताठ झाली. “निखाऱ्यांवरही दुखलं नाही. लोक उगाच पाया पडतात का? देह म्हणजे मी नव्हे, तुम्हीच शिकवलंत.”

आक्का त्याच्या पायाशी येऊन बसल्या.

“डोळे मीट. पायाला माझा स्पर्श झाला की सांग.”

त्यानं डोळे मिटले.

रिक्षाची धडधड तेवढी ऐकू येत होती.

“लावा की हात, आक्का.”

…

“आक्का?”

रिक्षातून कौसल्येचा हुंदका त्याला ऐकू आला. त्यानं डोळे उघडले.

आक्कांचं कपाळ त्याच्या पायावर टेकलेलं होतं. कपाळावरचा अंगारा काळ्या बोटांना लागला होता.

जिच्या उंबऱ्यावर तो जन्मभर वाकला, ती बाई. त्यानं पाय मागं ओढला.

“कधीपासून, आक्का?”

“तू डोळे मिटलेस तेव्हापासून.”

बुवा पायाकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. निखाऱ्यांवर न भ्यालेला माणूस, आता त्यानं ओट्याची कड घट्ट धरली.

“किती… किती कापू देऊ?”

आक्कांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.

“रक्त निघेल तिथवर. तिथनं पुढं तू आहेस.”