तीस पावसाळ्यांचा म्होरक्या

लय मागची गोष्ट आहे. इतकी मागची की तेव्हा पक्षी सरळ तोंडावर बोलायचे. ऐका पोरांनो! आणि म्हाताऱ्यांनो, तुम्ही तर जरा जवळ सरकूनच ऐका.

एक होता करकोच्यांचा थवा. थंडी आली की बर्फाचा डोंगर ओलांडून खालच्या उबदार तळ्यावर यायचा. डोंगरात खिंड एकच. जोराचं बर्फ पडलं की ती बंद.

थव्याचा एक रिवाज होता. म्होरक्याच्या शेपटीपुढं कुणाची चोच जाता कामा नये. आणि म्होरक्या मेला तरच दुसरा!

आता म्होरक्या, म्हणजे सगळ्यांचे आबा, झालेला पार म्हातारा. पंख करकरायचे, दम लागायचा. पण थवा भारी संस्कारी! आबा हळू, तर आपणपण हळू. सगळे मुद्दाम पंख आवरून उडायचे. एकदा एक फुलपाखरू बाजूनं पुढं गेलं आणि जाता जाता म्हणालं, "जाऊ ना? का आबा रागावतील?" कुणी हसलं नाही. हसायलापण बंदी होती!

त्या साली खिंड दिसायला लागली आणि आभाळ काळंकुट्ट झालं. थव्यात एक पिल्लू होतं, सगळ्यांच्या मागून अंड्यातून निघालेलं, एवढंसं. ते कुडकुडत म्हणालं, "आई, हळू उडून माझे पंख गोठले गं."

आई ओरडली, "आबा, भराभर चला! पोर मरंल माझं!"

"भराभरच चाललोय की!" आबा धापा टाकत म्हणाले. "आज वाराच खोटा आहे."

मागच्या रांगेत एक तरणी तुरेवाली होती, तोंडाची फटकळ. ती रिवाज मोडून थेट आबांच्या बाजूला आली. अख्खा थवा, "अगं अगं अगं!"

"आबा, किती पावसाळे झाले तुम्हाला?"

"तीस. पण मन अजून तरणं आहे!"

"मनाला पंख नसतात, आबा. मागं जा."

आबांचे डोळे भरून आले. हळूच म्हणाले, "मागं गेलो की मला विचारणार कोण गं?"

"मी! खिंडीत वारा कुठं वळतो ते मला कुठं ठाऊक आहे? तुम्ही मागून ओरडा, मी वळते. नाही ऐकलं तर माझा तुरा उपटा!"

आबांनी एकदा पिल्लाकडं बघितलं. आणि सरकले मागं.

मग काय! तुरेवाली सुसाट!

"डावीकडं! कडा सोड! आता वर, वर, अजून वर!" मागून आबा बोंबलतायत, पुढं ती वळतीये, पिल्लू मधोमध. सगळ्यात शेवटी आबा खिंडीबाहेर पडले आणि मागं धडाम! बर्फाचा अख्खा कडा कोसळला. खिंड बंद!

तळ्यावर पोचल्यावर पिल्लू चिखलात थयथय नाचलं. आबांनी स्वतःच नवा रिवाज सांगितला, "पंचवीस पावसाळे झाले की म्होरक्यानं मागं यायचं. कितीही मोठा असू दे."

"मीपण?" तुरेवालीनं विचारलं.

"तुझे तर मी आजपासनंच मोजतोय!" आबा म्हणाले आणि सगळा थवा पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.

तात्पर्य: पुढं उडायला वयाची हद्द असावी, मागून वाट सांगायला नसावी.