शास्त्रीबुवांचं पांढरं उपरणं

उदाजीराजांचा हुकूम सुटला : वाघदरीतल्या घरोघरच्या कोंबड्या परवा सकाळी खड्ड्यात पुरायच्या! झाडून सगळ्या!

कारण काय, तर राजवाड्याच्या खुराड्यातल्या दोन कोंबड्या मेल्या. सरकारी कोंबड्या आपल्या आपण कशा मरतील? रोग गावातूनच आला असणार, असं राजवैद्य त्रिविक्रमशास्त्र्यांनी ठरवून टाकलं. हे शास्त्रीबुवा म्हणजे विद्वत्तेचा नुसता डोंगर! कोंबडीची नाडी बघायची तर तिच्या पायाला रेशमाचा दोरा बांधायला लावत, दुसरं टोक हातात धरून तीन हात लांब पाटावर बसत आणि डोळे मिटून घेत. मिटल्या डोळ्यांनी त्यांना काय दिसे, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गावात ठकूबाई नावाची बाई होती. नवरा गेल्यापासून चाळीस कोंबड्यांच्या अंड्यांवर तिची चूल पेटत होती. हुकूम ऐकला तशी डोक्यावरची पाटी उतरवून ती तडक राजवाड्यात गेली.

"सरकार, रोग गावात न्हाई. तुमच्याच खुराड्यात हाय!"

राजे ताडकन उठले. "आमच्या? आम्ही रोज सकाळी जातीनं पाहतो. एकेकीचा तुरा कसा लालभडक!"

"तुरा लाल तर प्रकृती उत्तम," शास्त्रीबुवांनी री ओढली.

"मंग त्या दोघी काय लाजून मेल्या?"

आपलं चुकत असेल, हा विचार राजांच्या डोक्यात कधी शिरतच नसे. ते गरजले, "ठीक आहे! आमच्या बारा कोंबड्यांतल्या आजारी कोणत्या ते उद्या सकाळी सांग. पण खुराड्यात पाऊल टाकायचं नाही, एकीलाही हात लावायचा नाही. एक जरी चुकलीस, तर गावच्या कोंबड्या खड्ड्यात, आणि पहिल्या तुझ्या!"

ठकूबाई जाळीशी जाऊन उभी राहिली. आत एक कोंबडी अर्धी उघडी पडली होती. मानेवर पीस म्हणून नाही!

"आता हीच दाखवणार, बघा," शास्त्रीबुवा हसले.

"ही पिसं टाकतीया बुवा. म्हैन्याभरात नवी येतील. तुमच्या टकलावर न्हाई यायची, हिच्या मानंवर येतील!"

"आणि ती?" राजांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं एक कोंबडी अंग फुगवून बसली होती. दाण्याकडे बघत नव्हती, कोणी जवळ गेलं की गुरगुरत होती. तिला महावातविकार जडल्याचं सांगून शास्त्रीबुवांनी तिचा खड्डा आधीच खणून घेतला होता.

"अवो, खुडूक झालीया ती! तिला अंडी उबवायचीत, आन् तुमी तिला मूठमाती द्यायला निघालाय?"

बोलता बोलता ठकूबाई थबकली. पिसं टाकणारीचा तुरा फिका पडतो, खुडूक कोंबडीचाही पडतो. इथं तर बाराच्या बारा तुरे एकाच रंगाचे, जणू एका वाटीतून काढलेले! या शहाण्यांच्या हाताखाली दोनच कशा मेल्या, याचंच तिला नवल वाटलं.

"सरकार, आज सांजच्याला दार लावून किल्ली तुमच्या कमरंला ठेवा. सकाळी तुमी येईस्तवर आत कुनी जायाचं न्हाई. आन् बसायच्या दांडीखाली एक लांब पांढरं फडकं अंथरा."

"पण सकाळी माझा लेप असतो!" शास्त्रीबुवा मध्येच बोलून गेले.

"एक दिस न्हाई दिला तर मरत्यात व्हय?"

"पांढरं फडकं कुठून आणायचं?" राजांनी विचारलं.

"बुवांच्या खांद्यावर हाय की!"

"हे काशीचं उपरणं आहे!" शास्त्रीबुवा किंचाळले.

"मंग तर लईच ब्येस!"

राजांनी नुसती मान हलवली आणि उपरणं दांडीखाली गेलं.

सकाळी राजांनी स्वतः कुलूप काढलं. खुडूक कोंबडी कोपऱ्यात होती, बाकीच्या अकरा दांडीवर ओळीनं, आपापल्या ठरल्या जागी. ठकूबाई जाळीबाहेर उभी.

"सरकार, आता उपरणं बघा."

"शी!" राजांनी नाक दाबलं.

"तीच बघायची हाय! कोंबडी आपली जागा बदलत न्हाई, तवा जिच्याखाली जे पडलंय ते तिचंच. घट्ट, काळपट, वर पांढरी टोपी, ती शीट चांगली. आता चौथीच्या खाली बघा, हिरवं पानी. नववीच्या खाली रगात. ह्या दोघी आजारी!"

चौथी म्हणजे राजांची लाडकी मोतन! "अशक्य! हिचा तुरा तर सगळ्यांत लाल!"

"वल्या फडक्यानं पुसून बघा."

नोकरानं तुरा पुसला. फडकं लाल झालं आणि तुरा राखेसारखा फिका पडला! नववीचंही तेच. मग दांडीवरच्या धडधाकट आठ पुसल्या, तर त्यांचे तुरे खालूनही तांबडेच निघाले.

राजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"रक्तवर्धक लेप, महाराज... कुंकू आणि गोडंतेल."

"पण ठकूबाई, तुरे सोडून शीटच बघायचं तुला कसं सुचलं?" राजांनी विचारलं.

"सरकार, तुमी रोज तुरं बघता, म्हनून ह्यांनी तुरं रंगवलं. शीट कोन रंगवनार? ती बघायला तुमी वाकत न्हाई, आन् बुवा तर तीन हात लांब बसत्यात!"

मग राजांना असं हसू फुटलं की त्यांना खुराड्याचीच दांडी धरावी लागली आणि अकरा कोंबड्या फडफडत खाली आल्या!

गावचा हुकूम तिथल्या तिथं फाडला गेला. सरकारी खुराड्याची कारभारीण म्हणून ठकूबाईला सालीना दोन खंडी धान्य मिळालं. तिनं लगेच त्या दोघींना वेगळं काढलं, जुना भुसा जाळला, पाण्याची भांडी घासायला लावली. खुराडं रोज खरवडायचं काम शास्त्रीबुवांकडे आलं. नाडीचा दोरा नाही, हातात खराटा!

"आणि बुवा, उपरणं तुमचं तुम्हीच धुवायचं बरं का!" राजे डोळे पुसत म्हणाले. "ठकूबाई, आणखी काय हवं?"

ठकूबाईनं खुडूक कोंबडी काखेत घेतली.

"ही द्या. एकवीस दिसांनी या सरकार, पिल्लं बघायला. त्यास्नी अजून तुरंच फुटल्यालं नसत्यात, तवा बुवांना बी बिनघोर घेऊन या!"