सांभाळलेली फटफटी

लहानांनो आणि थोरांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. समुद्राला लागून एक गाव होतं. गावात मासेमारीचे मचवे पुष्कळ, पण फटफटी एकच. ती होती दामाची. दामा तिच्यावर बसून निघाला, की कोंबड्या फडफडत वाटेतून पळायच्या आणि म्हाताऱ्या हसत हसत त्याला शिव्या घालायच्या.

दामाला एकदा दूरदेशी जाणाऱ्या जहाजावर काम मिळालं. निघताना त्यानं फटफटी मागच्या पडवीत लावली आणि आईला म्हणाला, "आये, हिला सांभाळ हां."

आईचं नाव चांगुणा. दामा तिचा एकुलता एक. तिनं मान डोलावली.

पावसाळे आले नि गेले. दामा आला नाही. त्याचा निरोपही आला नाही.

दिवेलागण झाली, की चांगुणा पडवीत जाऊन बसायची. दामाच्या बसण्यानं सीटला खळगा पडला होता, त्याकडे बघत राहायची. टाकीवर त्यानं खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण ती दोन अक्षरं तिला डोळे मिटले तरी दिसायची.

फटफटीला कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे. ती स्वतःसुद्धा कधी फडकं मारत नसे. "माझ्या पोराचा हात लागलाय तिला," म्हणायची. "त्यावर दुसरा हात नको."

पण खारा वारा कुणाला विचारून येत नाही. आधी चाकांच्या तारा तांबूस झाल्या, मग मडगार्ड. टाकीच्या रंगाला फोड आले आणि फोडांखालून गंज डोकावायला लागला.

शेजारी धर्मा राहायचा. मचवे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. तो एकदा म्हणाला, "वहिनी, गंज खरवडून काढू या. वर रंगाचा हात मारला, की टिकेल."

"खबरदार! दामा ठेवून गेला तशीच राहील ती."

"तशी कुठं राहिलीय, वहिनी?"

हे शब्द चांगुणाला फार लागले. तिनं धर्माशी बोलणंच टाकलं.

एके सकाळी कोंबडीनं फटफटीच्या चाकामागं अंडं घातलं. ते काढायला चांगुणा वाकली आणि तोल सावरायला तिनं मडगार्ड धरलं. तर त्याचा तुकडाच हातात आला. बघता बघता त्याचा भुगा झाला, कोंड्यासारखा.

ती तिथंच खाली बसली. "पोरानं एकच काम सांगितलं होतं," ती म्हणाली. ऐकायला कोंबडीशिवाय कुणी नव्हतं.

मग उठली आणि धर्माच्या दारात जाऊन उभी राहिली. धर्मानं मागचं काही काढलं नाही. तारेचा ब्रश आणि रॉकेलचा डबा घेऊन तो तिच्यामागून निघाला.

दोघं कामाला लागली. रॉकेलच्या बोळ्यानं गंज भिजवायचा, ब्रशनं खरवडायचा, मग काचपेपर मारायचा. मडगार्डला धर्मानं नवा पत्रा जोडला. मचव्यांची यंत्रं बघणाऱ्यांनी येऊन इंजिन साफ करून दिलं. शेवटी टाकी राहिली. गंज नेमका त्या दोन अक्षरांतूनच आत शिरला होता.

धर्मानं ब्रश खाली ठेवला. "हे तुमचं तुम्ही ठरवा, वहिनी."

चांगुणा टाकीसमोर बसली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. बोटाला लाल भुकटी लागली. आणखी थोडे दिवस, आणि नाव तर जाणारच होतं, पण टाकीही जाणार होती.

तिनं काचपेपर उचलला. स्वतःच घासायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी पांढरं लोखंड दिसेपर्यंत तिचा हात थांबला नाही. त्यावर तांबडा अस्तराचा रंग चढला आणि मग मचव्यांसाठी आणलेल्यातला उरलेला निळा.

धर्माची लेक येसू म्हणाली, "काकी, मला चालवायला द्याल? बंदरावर माशांच्या पाट्या नेईन. उभी राहिली तर पुन्हा गंजेल ती."

चांगुणा म्हणाली, "मी मागं बसणार असेन तरच."

बंदर डोंगरापलीकडं होतं. वाट लांबची, म्हणून गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे. चांगुणाही आयुष्यात पहिल्यांदाच गेली. येसू मासे विकायची, आणि चांगुणा धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारायची, "माझा दामा दिसला का हो कुठं?"

कुणी नाही म्हणून मान हलवायचं, कुणी न थांबताच पुढं जायचं. ती पुन्हा पुढच्या फेरीला यायची.

शेवटी एक म्हातारा खलाशी थबकला. "दामा? हनुवटीवर खूण असलेला? अहो बाई, तो पलीकडच्या बेटावर आहे! पाय मोडला, म्हणून जहाज त्याला तिथंच सोडून गेलं. त्यानं निरोप दिला होता माझ्याकडं. दरवेळी मी इथं विचारायचो, त्याच्या गावचं कुणी आलंय का म्हणून. कधी कुणी भेटलंच नाही. त्याला वाटतंय, घरी आता कुणी उरलं नाही."

चांगुणानं फटफटीचं हँडल घट्ट धरलं. ज्या निरोपासाठी ती पडवीत बसून झुरली, तो निरोप इतके दिवस इथं तिची वाट बघत होता.

"त्याला सांगा," ती म्हणाली. "सांगा, आई आहे. फटफटी चालू आहे. धक्क्यावर न्यायला येते म्हणावं."

पावसाळा सरला, समुद्र निवळला आणि पहिल्याच जहाजातून दामा काठी टेकत उतरला. गर्दीत तो कुणाला शोधणार, तोच आदल्या दिवशी फटफटीला पुन्हा रंग देताना निळे झालेले चांगुणाचे हात त्याच्या तोंडावरून फिरले.

तात्पर्य: जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे, ज्याला जपायचं, त्याच्यासाठी हात मळवावे लागतात.