गुलाबी गर

"मग बुवा, याला माझं नाव द्यायला हरकत काय?"

मानाजीने सफरचंद पुढे धरलं. बी पेरल्यापासून नवव्या वर्षी झाडाला पहिली फळं आली होती. उद्या दरीतली माणसं ती चाखायला येणार होती, नवं नाव ऐकायला येणार होती.

रामगीर बुवा हिमालयाच्या त्या उतारावर चाळीस वर्षं बाग राखत होते. त्यांनी फळ घेतलं नाही.

"तू काय केलंस?"

"सगळं मीच केलं! वरच्या लाल झाडाची कळी उघडली. तिचे पुंकेसर चिमट्याने उपटले. खालच्या गोड झाडाचे पराग पिसाने लावले. मधमाशी शिरू नये म्हणून पिशवी बांधली. आई मी निवडली, बापही मीच. त्या फुलाच्या फळातलं बी मीच पेरलं."

"चाखलंस?"

"पहिलं फळ तुमचं."

"काप."

मानाजीने सुरी चालवली आणि त्याचा हात थांबला. आतला गर गुलाबी होता. सूर्य उगवताना शिखरावरचं बर्फ दिसतं, तसा.

"लाल झाडाचा गर असा आहे?"

"नाही... पांढरा."

"गोड झाडाचा?"

"तोही पांढराच."

"मग हा रंग तू कुठून आणलास?"

मानाजीने फोड उलटसुलट करून पाहिली.

बुवांनी झोळीतून मलमलीची जुनी पिशवी काढली. कोपऱ्यात शिवण उसवली होती, करंगळी जाईल एवढी.

"तुझाच टाका आहे. ओळख."

"मधमाशी शिरली?"

"माझ्या डोळ्यांदेखत. पायांना पराग होते."

"कुठल्या झाडाचे?"

"गुलाबी गराचं झाड या दरीत मी पाहिलेलं नाही."

मानाजीने वर पाहिलं. डोंगर. त्यामागे डोंगर. त्यामागे...

तो खाली बसला. एक फोड त्याने तोंडात घातली. बराच वेळ चावलीच नाही.

"बुवा, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी ते फूल खुडून टाकलं असतं."

"टाकलं असतंस."

"तुम्हाला माहीत होतं, असं फळ येईल?"

"मला कुठलं माहीत? ती माशी काय घेऊन आली, ते आज बघतोय मी. तुझ्याबरोबर."

बुवांनी आता फोड उचलली. उजेडात धरली.

मानाजीने हळूच विचारलं, "उद्या माणसं येतील. नाव काय सांगू?"

बुवांनी उसवलेली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुझंच सांग. माझी हरकत नाही. त्या माशीला तेवढं विचारून ये."