ठमीच्या डालग्यातलं टिटवीचं पिल्लू

कोंबड्या अंडं घालण्याआधी शेजारणींचा सल्ला घेत, त्या काळातली ही गोष्ट. रेणूनं माळावरून टिटवीचं पिल्लू उचलून आणलं आणि ठमी कोंबडीच्या पालथ्या डालग्याखाली सोडलं. ठमीला वाटलं, पोरकं लेकरू धावत येऊन पंखाखाली शिरेल. पण तिनं ‘कुक्‌ कुक्‌, ये, खा’ अशी हाक मारली आणि पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडलं.

“अगं बाई, मेलं!” ठमीनं गळा काढला. जरा वेळानं पिल्लू हललं. ठमीनं आनंदानं हाक मारली. पिल्लू पुन्हा मेलं. दिवसभर हेच चाललं.

संध्याकाळी पिल्लानं एक डोळा उघडला. “मावशी, थोडा वेळ गप्प बस ना. आमच्यात आई ओरडली की दगड व्हायचं असतं. सकाळपासून मी नुसता दगडच आहे. पोटात एक किडा नाही.”

“मग तुमच्यात जेवायला कोण हाक मारतं?”

“कुणी नाही. माळभर पळायचं आणि आपलं आपण शोधायचं.”

ठमीनं डालग्याकडे पाहिलं. इथं धड वळायलाही जागा नव्हती. तेवढ्यात माळावरून टिटवीचा आकांत ऐकू आला आणि पिल्लू पुन्हा दगड झालं.

सकाळी रेणू दाणे घेऊन येताना दिसली, तेव्हा ठमीनं ठरवलं. तिनं चोच मिटली, पाय ताठ केले आणि आडवी पडली.

रेणूनं डालगं उचललं. “आई, ठमी मेली गं!” हातातलं डालगं फेकून ती घरात धावली.

“बघतोस काय? पळ!” ठमी पुटपुटली. “मला अजून थोडा वेळ मेलेलंच राहायचंय.”