कोठारात लपलेलं पाडस

फार मागं, आपल्या पणजीच्याही पणजीच्या आधी, डोंगरावर एक किल्ला होता. लढाया संपल्या, तसं सैन्य खाली उतरलं. तटावर गवत माजलं, तोफांवर वेली चढल्या आणि रानातली जनावरं वर राहायला आली.

त्यांत एक हरिणी होती, नुकतीच व्यायलेली. पान हललं तरी पाडसाला विचारायची, "बाळा, आहेस ना रे?"

शेजारच्या बिळातली म्हातारी साळू अंगावरचे काटे सळसळवत म्हणायची, "अगं, तुझ्या काळजीनं त्या पोराची झोप मोडते. तोफांची दारू ठेवायचं ते कोठार आहे ना, तिथं निजव. भिंती जाड आहेत."

"त्या काळोखात? नको गं मावशी!"

एके दिवशी युवराज शिकारीला वर आला. ढोल वाजले. हरिणीला दुसरी जागाच सुचेना. तिनं पाडसाला कोठारात ढकललं आणि माणसं आपल्यामागं यावीत म्हणून स्वतः पळत सुटली. पण एका शिपायानं पाडस आत शिरताना पाहिलं होतं.

कोठारात भर दुपारीही काही दिसेना.

"मशाल आणा!" युवराज ओरडला.

शिकारीबरोबर आलेला, या गडावर जुनी चाकरी केलेला म्हातारा हवालदार दारात आडवा उभा राहिला. "युवराज, दारूकोठारात विस्तव नेत नाहीत."

"आजोबा, दारू कधीच संपली! रिकामं आहे ते."

"असेल. पण गडाची रीत आहे. लोखंड दगडावर घासलं तरी ठिणगी पडते. आत जायचं तर मशाल, तलवार, नालाचे जोडे, सगळं इथं ठेवा."

युवराज चिडला, पण म्हाताऱ्यापुढं त्याचं काही चालेना. अनवाणी, चाचपडत तो आत गेला. हाताला काहीतरी ऊबदार लागलं. ते थरथरत होतं. मग ते हळूच त्याचा तळहात चाटू लागलं.

बराच वेळ तो बाहेर येईना. वळसा घालून परतलेल्या हरिणीनं झुडपाआड श्वास रोखून धरला.

युवराज आला तो हात हलवतच.

"रिकामंच ना?" हवालदारानं विचारलं.

"नाही आजोबा, भरलेलं आहे. आजपासून विस्तव आणि हत्यारं गडाच्या दरवाजाबाहेरच राहतील."

माणसं उतरली, तशी हरिणी धावली. पाडसाला कानापासून शेपटीपर्यंत चाटलं, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

"आता तरी झोपू दे त्याला," साळू म्हणाली.

"झोपू दे. मीही जरा पडते," हरिणी म्हणाली, आणि खरंच झोपली.

त्या गडावर पुन्हा शिकार झाली नाही.

म्हणून लहानथोरांनो, जिथं कुणाचं लेकरू निजलंय, तिथं आग आणि हत्यार बाहेर ठेवूनच पाऊल टाकावं.