सात प्रश्नांचा सौदा

फार मागची गोष्ट. तेव्हा राजे होते, पण कागद नव्हता. माणसं तोंडी व्यवहार करायची आणि बोललेलं पाळायची. निदान तसं सांगायची तरी.

त्या राज्यात एक बैलबाजार भरायचा. तिथं घेणाऱ्यानं सात प्रश्न विचारायचे. वय किती, दात कसे, खूर कसे, लाथ मारतो का, शिंग उगारतो का, जुवाला मान देतो का, कधी आजारी होता का. विकणाऱ्यानं खरं सांगायचं. मग दावं हातात दिलं की सौदा पक्का. सातांच्या बाहेरचं सांगायला विकणारा बांधील नाही. हा नियम शहाण्यांनी केला होता. शहाण्यांना दुसरा उद्योग नसतो.

एकदा माळावरचा एक माणूस आला. त्याच्या बैलाला जोड हवी होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा पांढरा बैल त्याच्या मनात भरला. सात प्रश्न झाले. साती उत्तरं खरी.

"लेकीला सासरी पोचवायचंय," तो खुशीत म्हणाला. "नदीपलीकडं दिलीय. आमच्याकडं नुसता खडक. पोरगी नदी पहिल्यांदाच बघणार!"

शेतकऱ्याची बायको दचकली. वासरू असताना तो बैल पुरात सापडला होता. वाहतं पाणी दिसलं की उधळायचा.

"अहो, पाण्याचं सांगा की त्याला," ती कुजबुजली.

"त्यानं विचारलं का?"

"माळावरच्या माणसाला ते सुचणार कसं?"

"मग गप बस. एक अक्षर तरी खोटं बोललो का मी?"

त्यानं दावं हातात दिलं.

चौथ्या दिवशी नदीच्या उतारावर बैल उधळला. गाडी डोहात गेली. जू मोडून बैल सुटले, बाप कसाबसा काठाला लागला. पोर दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या गावात, हिरव्या चुड्यासकट.

पंच बसले.

"हा खोटं बोलला का?"

"नाही," बाप म्हणाला.

"मग सौदा चोख. याच्याकडं काही दोष निघत नाही."

बापानं बैल परत आणून त्याचं दावं शेतकऱ्यापुढं ठेवलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "दादा, मी काय विचारायला हवं होतं? मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

शेतकऱ्यानं दावं उचललं. बाप एकटा पायी माळाकडं निघून गेला.

नंतर शेतकऱ्यानं तो बैल कितीदा बाजारात नेला. कुणी तोंड उघडायच्या आत सांगायचा, "पाण्याला बुजतो. यानं एक पोर नेली. यानं कसली, मीच नेली." असा बैल कोण घेणार? तो दारातच म्हातारा झाला. नदीकडं पाऊल टाकेना, म्हणून शेतकरी रोज दोन घागरी खांद्यावर वाहून त्याला पाजायचा. खांदा सुजला तरी वाहायचा. बायको घागरीला हात लावायला आली, तर तिला लावू द्यायचा नाही.

बोध एवढाच: समोरच्याला जे कळणं शक्य नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, ते दडवून केलेला करार खोटाच, मग त्यातला शब्द न् शब्द खरा का असेना.